शेजारच्या टेबलावरची

मॅडम, कॉलेजच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आलाय. आमच्या बॅचमधल्या बाकीच्यांनी लिहून दिलंसुद्धा. एकीनं तुम्हाला माउली म्हटलंय, दुसरीनं दीपस्तंभ, तिसरीनं तुमच्या हातच्या मटकीच्या उसळीवर अर्धं पान खर्च केलंय. मीही बसले लिहायला. 'आमच्या मॅडम' एवढे दोन शब्द झाले आणि तोंडात आंबट पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी सुटतं. म्हणून ती पानं बाजूला सारली आणि हे लिहायला घेतलं. हे कुठं छापायचं नाही, कुणाला वाचायला द्यायचं नाही. तुमच्याशीच बोलायचंय. तुम्ही समोर असतात तर कदाचित बोलले नसते. एकदाच बोलले होते, तुमच्या दौंडच्या स्वयंपाकघरात, आणि त्यानंतर पुन्हा तोंड उघडलं नाही.

बी.एस्सी. नर्सिंगचं ते आमचं चौथं वर्ष. आमच्या वस्तीत डिग्रीपर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी. वडील रांजणगावच्या एका कंपनीत हेल्पर, आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची, आणि घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीवर रचलेली असायची. पहिली तीन वर्षं हाडांची नावं, औषधांचे डोस, चादरीच्या घड्या यांत गेली. चौथ्या वर्षात मिडवायफरीचं पुढचं सगळं शिकायचं होतं: अवघड बाळंतपणं, आडवं मूल, रक्तस्राव, टाके. आणि ते शिकवायला तुम्ही. सगळ्या सीनियर मुली सांगायच्या, मॅडमचा तास म्हणजे बघाच.

खोटं कशाला सांगू, तुमच्यासारखं शिकवणारं मी नंतर कुणी पाहिलं नाही. कापडाची बाहुली आणि हाडांचा तो पिवळा पडलेला सांगाडा घेऊन तुम्ही टेबलाशी उभ्या राहायचात आणि मूल कसं वळतं, डोकं कसं खाली झुकतं, खांदा कसा सुटतो, ते असं दाखवायचात की मागच्या बाकावरच्या मुलीही उठून उभ्या राहायच्या. पोट तपासायचा तास मला अजून आठवतो. तुम्ही आम्हा सगळ्यांना उभं केलंत आणि म्हणालात, "तळहात चोळा. जोरात. ऊब आली? आता हा हात आईच्या पोटावर ठेवायचा. गार हात ठेवाल तर पोट आक्रसतं आणि बाईचं मन त्याच्या आधी आक्रसतं. आणि हात लावायच्या आधी तिला विचारायचं. ते तिचं शरीर आहे, तुमचं प्रॅक्टिकल नाही." सगळ्या वर्गात हात चोळल्याचा सर सर आवाज. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला हे जसंच्या तसं सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "लई मोठी बाई दिसती." मी म्हटलं, "आहेच."

मग आम्हाला बाळंतपणं करायला त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात पाठवलं. शिरूरहून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आजूबाजूला ऊस आणि मध्ये ती बैठी इमारत. आता तिथं मंगल कार्यालय झालंय. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो, तुम्ही दौंडहून सकाळच्या एसटीनं यायचात. लेबर रूममध्ये दोन टेबलं शेजारी शेजारी होती. रेक्झिन फाटलेलं, त्यावर ती लाल रबरी शीट, मध्ये पडदा लावायला दांडी होती पण पडदा नव्हता. फिनेलचा वास आणि त्याच्याखाली दबलेला दुसरा वास. त्या वासाची मला कधी किळस आली नाही, मॅडम. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

पहिल्याच दिवशी टेबलावर एक पोरसवदा बाई होती. पहिलटकरीण. कळ आली की ती टेबलाची कड धरून ओरडायची. तुम्ही आलात, घड्याळ आणि अंगठी काढून खिशात टाकलीत, हातमोजे चढवलेत. मला वाटलं आता तुम्ही तिला विचाराल, हात लावू का. तुम्ही न विचारताच तिला आतून तपासलंत आणि त्याच हातानं तिच्या मांडीवर फाडकन चापट मारलीत. ओल्या रबरी मोज्याचा तो आवाज कसा असतो ते ज्यांनी ऐकलाय त्यांनाच कळेल. मांडीवर तुमच्या पाच बोटांचा रक्ताचा ठसा उमटला. आणि तुम्ही म्हणालात, "आता कशाला बोंबलतेस? नवऱ्याखाली झोपताना गोड वाटलं होतं ना?" मावशी हसली. स्टाफ सिस्टर हसली. आमच्यातल्या दोघी, काय करावं ते न कळून, हसल्या. ती पोर गप्प झाली. ओरडणं बंद करून ती नुसती कण्हायला लागली, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

मी बाहेर बेसिनशी जाऊन ओकले. तुम्ही नंतर मला व्हरांड्यात बोलावलंत. सगळ्या मुली ऐकत होत्या. "रक्ताची, घाणीची किळस येत असेल तर आत्ताच घरी जा. नर्सला किळस परवडत नाही. उद्या माणसाची आतडी हातात घ्यावी लागतील." मी मान खाली घालून 'सॉरी मॅडम' म्हटलं. रक्ताची किळस नव्हती हे कसं सांगणार होते? माझ्या अंगावर तोवर पू सांडला होता, वांती झाली होती, बेडपॅन तर रोजचेच. कशानं काही झालं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा पोटातून ढवळून आलं ते तुमच्या तोंडून आलेल्या त्या वाक्यानं. बाईच्या अंगातून बाहेर पडणारं सगळं धुता येतं.

पुढं पुढं ते रोजचं झालं. तुम्ही तेवढंच एक बोलायचात असं नाही, तुमच्याकडं बरंच होतं. म्हातारी दिसणारीला वेगळं, जास्त मुलं असणारीला वेगळं, बुरख्यातून आलेलीला वेगळं, उसाच्या टोळीतून आलेलीला वेगळं. आठवड्याभरात आमच्यातल्या दोघी-तिघींचे हातही उठायला लागले. त्यांतल्या एकीनं पहिल्यांदा एका बाईच्या मांडीवर मारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता तू नर्स झालीस." ती लाजली. दुपारी डब्याच्या वेळी तिनं आम्हाला ते दोनदा सांगितलं. माझा हात उठला नाही, पण त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. मला नुसती मळमळ व्हायची, आणि मळमळणाऱ्या माणसाचा हात उठत नाही.

मग तो जानेवारीतला दिवस आला. कारखान्याचा हंगाम जोरात होता. सकाळी उसाच्या ट्रॅक्टरमधून एक बाई आली. बीडकडची, तोडणीच्या टोळीतली. बरोबर बाईमाणूस कुणी नाही, नवरा बाहेर ट्रॅक्टरपाशी डोक्याला फडकं बांधून उकिडवा बसलेला. तिचं तिसरं बाळंतपण. अंगाला उसाच्या पाचटाचा वास, पायांना भेगा, हातभर काचेच्या बांगड्या. तिला डावीकडच्या टेबलावर घेतलं आणि ती केस मला दिली. मी तिला नाव विचारलं, हात लावू का विचारलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "लावा की माय, इच्यारता काय?"

दुपारी बाहेर सहासीटर रिक्षा थांबली आणि माझी ताई उतरली. थोरली बहीण, सासर न्हावऱ्याच्या पलीकडं, पहिलीच खेप. तारखेला अवकाश होता म्हणून आम्ही सगळे निवांत होतो, आणि तिला शेतातच कळा सुरू झाल्या होत्या. तिची सासू तिला धरून आणत होती. ताईनं मला पांढऱ्या साडीत बघितलं आणि रडायलाच लागली. मी तिला आत घेतलं. उजवीकडचं टेबल रिकामं होतं.

तुम्ही दारात आलात. कपाळाला आठी होती, सकाळपासून जेवण नव्हतं तुमचं. तुम्ही घड्याळ काढायला लागलात. मी घाईघाईनं म्हटलं, "मॅडम, ही माझी ताई." तुमचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. आठी गेली. "अगंबाई, तुझी ताई? मग सांगायचं नाही का आधी!" आणि तुम्ही तिच्याजवळ गेलात, तळहातावर तळहात ठेवलात, आणि चोळलेत. जोरात. ऊब येईपर्यंत. मग ताईच्या कानाशी वाकून म्हणालात, "बाळा, मी आता पोटाला हात लावू का? गार नाही लागणार."

मी तिथं उभी होते, डावीकडच्या बाईच्या पायाशी. तुम्ही मला ताईजवळ येऊ दिलं नाहीत. "आपल्या माणसाची केस आपण घ्यायची नसते, हात कापतात. तू तिकडची बघ," म्हणालात. बरोबरच होतं ते. म्हणून मी तिकडची बघत होते आणि कान सगळे इकडं.

तुम्ही ताईची कंबर चोळलीत. ओल्या कापसानं तिचे ओठ पुसलेत. मावशीला चहा आणायला लावलंत आणि तो बशीत ओतून घोट घोट पाजलात. कळ आली की म्हणायचात, "हं, आता श्वास घे, छान, अगदी छान, माझी गुणाची बाई ती." तिनं तुमचा पदर घट्ट मुठीत धरला होता, तो तुम्ही सोडवून घेतला नाहीत. ती ओरडली तर म्हणालात, "ओरड की, लाजायचं काय त्यात, सगळ्या ओरडतात." आणि याच वेळी, मॅडम, अगदी याच वेळी डावीकडच्या बाईला जोराची कळ आली, तिच्या तोंडून "माय गं" बाहेर पडलं आणि तुम्ही मान वळवून ओरडलात, "ए, आवाज बंद! तिसरं आहे ना? अजून शिकली नाहीस?" तुमचा एक हात ताईच्या केसांवरून फिरत होता. दुसरा हात लांब करून तुम्ही त्या बाईच्या मांडीवर मारलंत. टेबलं तेवढी जवळ होती.

आणि लगेच परत ताईकडं, "हं बाळा, घाबरू नकोस, तुला नाही म्हटलं."

ती बाई रडली नाही. तिनं मान वळवली आणि ती तुमच्याकडं बघत राहिली. ताईच्या केसांतल्या तुमच्या हाताकडं. कळांच्या मधल्या वेळात ती टक लावून बघत होती, एखाद्या घरात चाललेलं लग्न रस्त्यावरून बघावं तशी. तिचं मूल माझ्या हातांत आलं, मुलगा होता, लगेच रडला. मी तिला तो दाखवला. ती हसली, पण पुन्हा तिकडंच बघायला लागली. थोड्या वेळानं ताईला मुलगी झाली आणि तुम्ही म्हणालात, "लक्ष्मी आली गं घरी," आणि ताईच्या कपाळावर ओठ टेकलेत.

तोवर मी मनात तुमच्या बाजूनं काय काय म्हणून घेत होते. की तुम्ही थकता. की इतक्या बायका, एवढीशी जागा, पगार वेळेवर नाही, घरी सासू अंथरुणाला खिळलेली. की तुम्ही जुन्या काळात शिकलात, तेव्हा असंच शिकवायचे, तुम्हाला दुसरं माहीतच नसेल, वर्गातलं ते पुस्तकातलं. त्या दुपारी माझी ती सगळी समजूत गेली. तुम्हाला येत होतं. सगळं येत होतं, हातात होतं, आणि थकलेल्या, उपाशी असतानाही दोन मिनिटांत बाहेर काढता येत होतं. तुम्ही ते राखून ठेवलं होतंत. मारण्याची किळस येतेच, पण खरी किळस मला त्या राखून ठेवण्याची आली. आणि ती तुमच्या प्रेमळ हाताला येऊन चिकटली. नंतर तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात, "झालीस की मावशी!" म्हणालात, तेव्हा अंगावर पाल पडावी तसं झालं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोळीतली बाई निघाली. तोड थांबवता येत नव्हती, नवरा न्यायला आला होता. मी तिच्या बाळाला फडक्यात गुंडाळून दिलं. ती हळूच म्हणाली, "ती शेजारच्या टेबलावरची, तुमची कोन?"

"बहीण."

तिनं मान हलवली. तिला सगळं समजलं. "मंग बरुबर हाय," ती म्हणाली, आणि बाळाला पदराखाली घेऊन ट्रॅक्टरकडं चालायला लागली. रागानं म्हणाली असती, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं मला समजावल्यासारखं म्हटलं, मलाच वाईट वाटू नये म्हणून.

त्याच दुपारी माझी आई आली. पेढे घेऊन, आणि तुमच्यासाठी खणाचं कापड घेऊन. ताईनं तिला सगळं सांगितलं होतं. आई तुमच्या पायांवरच पडली. तुम्ही तिला उठवून छातीशी धरलंत. आई रडत रडत बोलली ते तुम्ही हसून ऐकलंत, मी मात्र भिंतीला टेकून ऐकलं. "माझ्या येळंला सुईन उंबऱ्याच्या भाईर हुबी ऱ्हायली व्हती बाई. तितनंच सांगायची, असं कर, तसं कर. हात न्हाई लावला मला. नाळ माझी मीच कापली. आन् तुमी माझ्या लेकीला पोटाशी धरलं. आमच्या मानसाला असं कुनी धरलं न्हवतं." तुम्ही म्हणालात, "अहो, असं काय बोलता, आम्ही भेदभाव मानतच नाही." मॅडम, ते खरंही होतं. तुम्ही माझ्या ताटातलं खायचात. जात तुम्ही मानत नव्हतात. तुम्ही माणसांची दुसरीच वाटणी केली होतीत, आपली आणि शेजारच्या टेबलावरची, आणि त्या वाटणीत आम्ही नेमके आतल्या बाजूला पडलो होतो. आईला हे मी कसं सांगणार? जन्मात पहिल्यांदा तिला आत घेतलं होतं कुणीतरी. तिनं मला पेढा भरवला. मी तो गालात धरून ठेवला आणि मागं जाऊन थुंकला.

रविवारी तुम्ही आम्हाला नेहमीप्रमाणं दौंडला घरी जेवायला बोलावलंत. रेल्वे कॉलनीतलं तुमचं क्वार्टर, तुमचे यजमान गार्ड, ते ड्यूटीवर. बाहेरच्या खोलीत मुली टीव्ही बघत होत्या. मी स्वयंपाकघरात तुमच्याजवळ लसूण सोलत बसले होते. तुम्ही भाकऱ्या थापत होतात. यार्डात शंटिंग चाललं होतं, डबे एकमेकांवर आदळले की फडताळातली भांडी किणकिणायची. मी बोलायचं ठरवून आले नव्हते. तुम्हीच म्हणालात, "तुझी ताई बरी आहे ना? मी तिच्या पिल्लाला टोपडं विणतेय."

मी म्हटलं, "मॅडम, त्या दुसऱ्या बाईला का मारलंत?"

"कुठल्या?"

तुम्हाला खरंच आठवत नव्हतं. मी सांगितलं. तुमचा हात थांबला नाही. भाकरी परातीत फिरत होती. "अगं, त्या बायका तशाच ऐकतात. ढिली पडली असती तर मूल गुदमरलं असतं. एका चापटीनं बाई मरत नाही, मूल मरतं. मी किती मुलं अशी मारूनमुटकून जिवंत बाहेर काढलीत ते तुला माहीत नाही."

"ताईला मारलं नाहीत. तिची पहिली खेप होती. तिलाही जोर लावता येत नव्हता."

आता तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "ती तुझी बहीण होती."

"म्हणूनच विचारते. सगळ्यांना ताईसारखं—"

"सगळ्यांना?" तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत आणि पिठाचा हात माझ्यासमोर धरलात. "दोन आहेत हे. दोनच. रोज इतक्या येतात. सगळ्यांच्या कंबरा चोळत बसले तर संध्याकाळी मी घरी येऊन सासूला कुणाच्या हातांनी भरवू? माणसानं माया आपल्या माणसापुरती तरी शिल्लक ठेवायला नको? तुझ्यासाठी केलं ते. आणि तू माझ्याच चुलीपाशी बसून माझा हिशेब मागतेस? उपकार कळत नाहीत तुला."

मी लसूण सोलत राहिले. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. तुम्हाला खरंच लागलं होतं. सगळ्यात वाईट ते होतं. मग तुम्ही डोळे पुसलेत, मुलींना हाक मारलीत, आणि तव्यावरची पहिली, पापुद्रा सुटलेली भाकरी माझ्या ताटात वाढलीत. "खा. वेडी आहेस तू. शिकशील." मी ती खाल्ली. घास तोंडात फिरत राहिला, गिळता गिळेना, पण सगळी खाल्ली, कारण ताटात टाकायची आमच्या घरी रीत नव्हती.

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आल्या होत्या. तुम्ही त्यांच्या शेजारी बसला होतात. त्यांनी मला विचारलं, मूल बाहेर येण्याच्या वेळी आईला आधार कसा द्यायचा. पुस्तकात त्याची ठरलेली वाक्यं होती, मला पाठ होती. मी ती म्हटली नाहीत. मी सांगितलं: तळहात चोळून ऊब आणायची. कानाशी वाकून विचारायचं. कंबर चोळायची. ओठ ओल्या कापसानं पुसायचे. बशीतून चहा पाजायचा. पदर धरला तर सोडवायचा नाही. ओरडली तर म्हणायचं, ओरड. परीक्षकबाईंनी चष्मा काढला. "हे तुला कुणी शिकवलं?"

मी तुमच्याकडं बघून म्हटलं, "मॅडमना असं करताना मी पाहिलंय. एकदा."

त्या 'एकदा'त मी सगळं भरलं होतं. माझ्या मते मी तुम्हाला भर खोलीत थोबाडीत मारली होती. परीक्षकबाई तुमच्याकडं वळून म्हणाल्या, "नशीबवान आहात, अशी विद्यार्थिनी मिळाली." आणि तुम्ही हसलात. पदरानं डोळे टिपलेत. तुमचा चेहरा असा उजळला होता की मला कळून चुकलं, तो शब्द तुमच्यापर्यंत पोचलाच नाही. मला त्या तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क पडले. तुम्ही व्हरांड्यात मला जवळ घेतलंत आणि म्हणालात, "मला माहीत होतं, तुझ्या मनात काही राहणार नाही."

शेवटची भेट पुण्याच्या हॉस्पिटलातली. तुमची किडनी गेली होती, जनरल वॉर्डात होतात. मी आले तेव्हा एक आयाबाई तुम्हाला कुशीवर वळवत होती, पोतं वळवावं तशी. "ए आजी, जड करू नको अंग," म्हणत होती. तुम्ही मला बघितलंत आणि माझा हात धरलात. केवढा गार होता तुमचा हात. म्हणालात, "सांग ना गं यांना, मी कोण आहे ते."

मी सांगितलं, मॅडम. सिस्टरकडं जाऊन म्हटलं, या आमच्या कॉलेजच्या मॅडम आहेत, आमच्याकडच्या निम्म्या सिस्टर यांच्या हाताखाली शिकल्यात. पाच मिनिटांत तुमची चादर बदलली, उशी आली, आयाबाई तुम्हाला 'मॅडम' म्हणायला लागली. शेजारच्या कॉटवर एक म्हातारी पाणी मागत होती. तिचं कुणी नव्हतं. तिला मी पाणी पाजलं आणि निघाले. जिना उतरताना मला पहिल्यांदा स्वतःचीही तीच मळमळ आली, कारण माझ्या एका वाक्यानं सगळं झालं होतं, आणि ते किती सोपं होतं.

आता मीही चौथ्या वर्षाच्या मुली घेते. माझ्या लेबर रूममध्ये कोण कुणाची हे आतल्या टेबलांपर्यंत आणायचं नाही, असा मी दंडक घातलाय. मागं एका स्टाफ सिस्टरची भावजय आली होती. ती मला म्हणाली, "मॅडम, जरा बघा हं, घरची आहे." मी म्हटलं, "सगळ्यांचं बघतोय." ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. रोज सगळ्यांचं होतंच असंही नाही. हात दोनच असतात, ते तुमचं खरं होतं. संध्याकाळी माझ्याही आवाजाला धार येते, तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहते आणि कुणाच्या तरी नावानं थुंकते. बहुतेक तुमच्या.

हे पाठवायला कुठलाच पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही वाचून पुन्हा डोळे टिपले असतेत आणि वेडी म्हणाला असतात.

एक गोष्ट तेवढी सांगते. ताई आता नाशिककडं असते. मुलगी कॉलेजात गेली तिची. फोन झाला की घरचं सगळं विचारून झाल्यावर ती न चुकता विचारते, "तुझ्या मॅडम बऱ्या हायेत ना गं?" तुम्ही गेलात ते मी तिला सांगितलेलंच नाही. सांगितलं तर ती रडेल, अगदी आतून रडेल, आणि तुमच्यासाठी कुणाचं तसं रडणं मला ऐकवणार नाही. म्हणून मी दर वेळी म्हणते, बऱ्या आहेत. परवा ती म्हणाली, "आता लई वय झालं असंल न्हाई त्यांचं?"

मी म्हटलं, "हो. थकल्यात. पण बऱ्या आहेत."